विहीणबाईंचं च्च

सोमवार, ४ मार्च

आले एकदाचे! व्याही, विहीणबाई आणि चार बॅगा. पंधरा दिवसांचा मुक्काम. लग्नाचं पक्कं करायचं आणि मग लेकीला घेऊन जायचं, त्यांच्या देशात. हा 'घेऊन जायचं' शब्द माझ्यासमोर कुणी काढत नाही. मीही काढत नाही.

व्याही डच बोलतात, विहीणबाई खोसा, ही तिकडची आफ्रिकी भाषा. होणारे जावई सध्या इथेच नोकरीला, ते दोन्ही बोलतात. लेकीला दोन्ही थोडं थोडं येतं. मला आणि ह्यांना शून्य.

व्याह्यांनी आल्या आल्या तोंड उघडलं आणि मी धावत जाऊन मिठाचं कोमट पाणी आणलं. लेक म्हणाली, "आई, घसा बरा आहे त्यांचा! गुड मॉर्निंग म्हणतायत."

मंगळवार, ५ मार्च

डच अगदीच सोपी निघाली! 'हो' म्हणजे 'या', 'नाही' म्हणजे 'ने'. चहा हवा का विचारलं, "या" म्हणाले. मी गेले. दुसरा कप पुढे केला, "ने" म्हणाले. नेला. पंचवीस म्हणतानासुद्धा आपल्यासारखंच, आधी पाच मग वीस. ह्यांना तर आपल्याला डच येते असंच वाटायला लागलंय.

पण विहीणबाई! पडदे बघितले — च्च. बाथरूम बघितली — च्च. माझी कानातली बघितली — एकदा नाही, दोनदा च्च! लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांनी स्वतः निवडलेली! आयुष्यात एकदाच काहीतरी बरं निवडलं होतं.

बुधवार, ६ मार्च

आज मोजले. मुलाशी बोलताना दहा मिनिटांत एकतीस. नुसते हळहळीचे नाहीत. काही गालातून, घोडा हाकल्यासारखे. काही बाटलीचं बूच उडाल्यासारखे. एवढी नापसंती मी आजवर कुणाच्याच तोंडून ऐकली नव्हती. आणि तीस वर्षं मी लोकांच्या तोंडातच बघतेय.

मनात आलं — नाही पसंत तर नाही! लेक इथेच राहील. मग स्वतःचीच लाज वाटली. मग पुन्हा तेच मनात आलं.

गुरुवार, ७ मार्च

लेकीला खडसावलं. "तुझ्या सासूबाईंना आमचं काही खपत नसेल तर तोंडावर सांगायला सांग!" ती हसत हसत स्वयंपाकघरात खालीच बसली. "आई, ती अक्षरं आहेत!"

अक्षरं! आपलं क ख ग, तसं त्यांचं च्च. दातांमागे जीभ लावून एक, दाढांच्या बाजूने दुसरं, टाळूवरून तिसरं. 'कृपा करून' म्हणायचं तर मध्ये एक च्च येतो. 'माफ करा' म्हणायचं तर गालातला येतो. आणि कानातल्यांना म्हणतात 'आमा-च्चि-च्चि'. छान आहेत म्हणत होत्या बिचाऱ्या!

वर लेक म्हणते, "त्यांनाही तुला एक विचारायचंय. तू दिवसभर एक अक्षर म्हणतेस आणि थांबतेस. पुढचा शब्द काय असतो? त्या सारख्या वाट बघत बसतात."

शुक्रवार, ८ मार्च

आज मी एकही च्च केलं नाही. फार जड गेलं.

रविवार, १० मार्च

विहीणबाई एका बाजूने जेवतात, हे माझ्या नजरेतून सुटणार होतं होय? आज दवाखान्यात नेऊन खुर्चीत बसवलंच. वरचा पुढचा दात, मुळाशी पू. तिकडच्या डॉक्टरने काढून टाका म्हणून सांगितलंय. ह्या सहा महिने दुखणं अंगावर काढतायत. का? तर शाळेत लहान मुलांना खोसा शिकवतात, निवृत्तीला तीन महिने उरलेत, आणि तो च्च नेमका त्या दातामागे लागतो. लेकीकडून म्हणाल्या, "माझ्या स्वतःच्या नावात ते अक्षर आहे. दात गेला तर नाव कसं सांगू?"

 असं कारण आजवर एकाही पेशंटने दिलं नव्हतं.

दोन्ही भाषांतला फरक आता मला कळला, आणि तो फक्त दातांच्या डॉक्टरलाच कळू शकतो. डचला दात लागतच नाहीत. व्याह्यांच्या दोन्ही कवळ्या पाण्यात असतात, तरी डच ठणठणीत! सगळा घशाचा कारभार. खोसाला मात्र एकूण एक दात जागेवर पाहिजे.

एक्स-रे बघितला. काढणं दहा मिनिटांचं काम. वाचवणं कठीण. वाचवणार.

मंगळवार, १२ मार्च

रूट कॅनाल सुरू केलं. इंजेक्शनने ओठ, हिरडी, टाळू सगळं बधिर. विहीणबाईंनी उठून स्वतःचं नाव म्हणून बघितलं. च्च निघेना. नुसती हवा. डोळ्यांतून घळाघळा पाणी. 'तीन तासांत उतरेल' हे वाक्य मी पेशंटना रोज फेकते आणि पुढच्याला बोलावते. आज तीन तास हात धरून बसले. दोन पेशंट परत पाठवले. पावणेतीन तास होऊन गेले आणि आला — च्च! माझ्या असिस्टंटने टाळ्या वाजवल्या.

शनिवार, १६ मार्च

कॅप बसवली. केसाएवढं घासायचं, 'आमा-च्चि-च्चि' म्हणायला लावायचं, पुन्हा घासायचं. पहिला च्च फुसका, दुसरा शिट्टी मारणारा. बाराव्या खेपेला दोन्ही खणखणीत. बाहेर बसलेल्या पेशंटना वाटलं, आत काहीतरी भयंकर चाललंय.

रविवार, १७ मार्च

लग्न ठरलं. पेढे वाटावेत की रडावं कळेना, म्हणून रडले. मीच तोंड उघडलं — "नेणार ना आता तिला?" लेकीने भाषांतर केलंच नाही. विहीणबाईंनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "च्च."

पुढचा शब्द नव्हता. हे आपलंच होतं, हळहळीचं.

सोमवार, १८ मार्च

लेक कुठेही जात नाही! जावईही नाहीत! विहीणबाईंचं म्हणणं, असा दातांचा डॉक्टर सोडून राहायचं नाही. जूनमध्ये व्याह्यांसकट इथेच येणार, कायमच्या. आमच्या शेजारचा फ्लॅट बघून आल्या. म्हणे, मधली भिंत पाडता येईल का?