राजी आहेस का?

दिव्रिई, १२ मार्च

प्रिय नेविनताई,

घरी सगळे सुखरूप असतील. भावोजींचा रक्तदाब आता ताब्यात आहे, सूनबाई सुटली, असं तुझ्या ओनुरकडून कळलं. बाळाचा फोटोही त्यानं पाठवला. नाक आपल्या घराण्याचं आहे. बिचाऱ्याला जन्मभर पुरेल.

फोनच करणार होते. पण तुझा आवाज ऐकला की मी भांडेन, म्हणून लिहिते आहे.

मी ठीक. गुडघे कुरकुरतात, बर्फ अजून गेलेला नाही. एक्रेम गेल्यावर इस्तंबूलचं भाडं एकटीच्या पेन्शनमध्ये झेपेना. आईच्या माहेरचं हे गाव परवडणारं होतं, म्हणून आले. ओढ वगैरे काही नव्हती. पहिला हिवाळा नुसता झोपून काढला. इतकी वर्षं नवऱ्याच्या डायलिसिसच्या फेऱ्या केल्या, त्या सगळ्याचा थकवा इथे येऊन अंगात बसला. दिवसभर कुणी हाक मारायचं नाही, आणि मलाही ते बरंच वाटायचं.

मग शेजारच्या साती मावशींनी दार वाजवलं. ऐंशी उलटलेल्या, दात मोजकेच, जीभ मात्र धडधाकट.

“काय गं, कालपासून तुझं धुराडं थंड आहे. मेलीस की कोळसा संपला?”

“कोळसा संपला.”

“मग ऊठ. आज गुरुवार. जेमघरात शेगडी पेटलेली असते.”

मी म्हटलं, “मावशी, माझा देवावर काही विश्वास राहिलेला नाही.”

“मग देवाकडे बघू नकोस. शेगडीकडे बघ.”

गेले. लहानपणी आई आपल्याला कुणाच्या तरी घरी घेऊन गेली होती, पडदे ओढून, कुजबुजत चाललेला आपल्या पंथाच्या प्रार्थनेचा तो जेम तुला आठवतो का? इथे पडदे उघडे असतात. बाया-पुरुष सगळे गोल करून, एकमेकांकडे तोंड करून बसलेले. मधे जेम चालवणारे गुरू कामबेर देदे, मांडीवर लांब मानेची साझ. सुरू करण्याआधी त्यांनी विचारलं, “कुणाचं कुणाशी वाकडं आहे का? सगळे एकमेकांवर राजी आहात का?”

मुसा म्हणून एक पोस्टातला माणूस उठला. “मी नाही राजी. हा बेक्ताश छपरावरचा बर्फ माझ्या दारात ढकलतो.”

“बर्फ काय माझ्या बापाचा आहे? आभाळाला विचार!”

देदे म्हणाले, “आभाळ जेमला आलेलं नाही बेक्ताश, तू आला आहेस.”

सगळे हसले. पण जेम पुढे सरकेना. ते दोघे एकमेकांच्या गळ्यात पडेपर्यंत साझची तार वाजली नाही. ताई, मीही हसले. एक्रेम गेल्यापासून पहिल्यांदा.

मग दर गुरुवारी जायला लागले. बटाटे सोलते, गव्हाच्या बुलगुरचं पातेलं ढवळते. शेवटी लोकमा वाटतात, ज्याच्या त्याच्या हातात सारखाच घास, आणि देदे विचारतात, सगळ्यांना पोचला का? मला ताप आला तेव्हा दोन घरांतून तरहाना सूप आलं. हवं का, असं कुणी विचारलंच नाही. देवाचं मला अजूनही नीट कळत नाही. पण तिथे समोरच्या तोंडाकडे बघत बसले की वाटतं, असलाच तर तो इथेच कुठेतरी, या थकल्या तोंडांमध्ये असेल. एवढाच माझा विश्वास. पण आहे.

बघ, तिसरा कागद संपत आला आणि मी अजून बर्फ आणि बटाटेच लिहिते आहे.

देदे दर खेपेला विचारायचे आणि सगळ्यांबरोबर मीही “राजी” म्हणायचे. नुसते ओठ हलवायचे. गेल्या महिन्यात ओठही हलले नाहीत. उभी राहिले. म्हटलं, “माझं वाकडं आहे. सख्ख्या बहिणीशी. आठ वर्षं झाली.”

“हयात आहे?”

“आहे.”

“मग पोरी, आज तुला आत बसता येणार नाही. तू नाराज असताना आम्ही राजी आहोत, असं कसं म्हणायचं?”

अठ्ठावन्न वर्षांची पोर मी. मान खाली घालून स्वयंपाकघरात जाऊन बसले. मागोमाग साती मावशी आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

“तुम्ही कशाला उठलात?”

“माझ्या शेजारणीला बाहेर काढलं, मी काय आत बसून गाणी ऐकू? सांग. काय केलं तिनं?”

सांगितलं, ताई. आई म्हणाली होती, मला आपल्या रीतीनं पाठवा, उशाशी साझ वाजू दे. मी एक्रेमला घेऊन इस्पितळात अडकले होते. पोचले तेव्हा तुझ्या सासरच्या मशिदीतून सगळं उरकून आईवर माती पडली होती. तुझी सासू म्हणत होती, “किती पुण्यवान बाई, एक रोजा चुकवला नाही कधी!” आणि आपला पंथ सासरी कधीच न सांगितलेली तू खाली बघत होतीस. तुझं ते खाली बघणं मला आठ वर्षं दिसतं आहे.

मावशींनी कांद्याची टोपली दोघींमध्ये ओढली, सुरी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, “लपायला तिला शिकवलं कुणी?”

मग तेही सांगितलं. रमजानचा उपास आपल्यात नाही, तरी पहाटे उठून स्वयंपाकघरात दिवा लावून कोण ठेवायचं? शेजाऱ्यांना वाटावं, यांच्याकडेही उपास आहे. आईच ना? मी शाळेत खरं बोलून जायचे आणि घरी मार खायचे. तू कधी चुकली नाहीस.

“म्हणजे थोरलीला धडा पाठ होता,” मावशी म्हणाल्या. “तिनं आईला त्यातच पुरलं. वाईट केलं. पण तिनं एकटीनं केलं का?”

भिंतीपलीकडे साझ सुरू झाली होती. मी कांद्याच्याच हातांनी डोळे पुसले.

तू केलंस ते बरोबर होतं, असं मी अजूनही म्हणणार नाही. पण राग धरून ठेवायला आता हात उरलेले नाहीत. देदेंना तसंच सांगितलं, की हे मोठं मन नाही, नुसता थकवा आहे. ते म्हणाले, “थकून ठेवलेलं ओझंही खालीच असतं.” आणि म्हणाले, आईसाठी अजूनही करता येतं. गेलेल्या माणसाला समोर उभं केल्यासारखं करून गावाला विचारतात, तुमचं याच्याकडे काही राहिलंय का, आणि मग त्याला मोकळं करतात. साझ वाजते. फक्त दोघी लेकी हव्यात.

एप्रिलच्या शेवटी रस्ता सुकतो. ये. भावोजींना सांग, आईच्या माहेरी जाऊन येते. खोटं नाही ते. त्याहून जास्त सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव, मी एका शब्दानं विचारणार नाही.

मी तुझ्यावर राजी आहे, ताई. मात्र एकीच्या राजीनं भागत नाही. आठ वर्षं मी तुझं दार वाजवलं नाही. तू माझ्यावर राजी आहेस का?

तुझा शब्द येईपर्यंत स्वयंपाकघरातच बसलेली,
तुझी धाकटी
सेनेम