बाइंडरच्या खोलीतला वर्ग

९ जून

प्रिय बेबी,

अनेक आशीर्वाद. गुडघा फार कुरकुरत नसेल आणि लाँड्रीतलं काम उभ्याने करावं लागत नसेल, असं धरून चालते. मी ठीक आहे. चष्म्याची दांडी निखळली होती, ती बसवून आणली.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. दोन गल्ल्या पलीकडच्या नणंदेला पत्र टाकणारी म्हातारी पाहून पोस्टातली मुलगी हसली. हसू दे. आता तुला वाचता येतं ना, मग वाच. अक्षर मोठं काढलं आहे. कुठे अडलीस तर शेजारणीला दाखवत बसू नकोस, घरातलं आहे.

परवा तू तुमच्या वर्गाने केलेलं पुस्तक घेऊन आलीस आणि मी हसले. त्याबद्दल वाईट वाटतं असं लिहायला बसले होते, पण खरं सांगू? अजूनही हसू येतं. मोठ्या कागदावर पहिलं, दुसरं, तिसरं अशी पानं ओळीने लिहून काढलीत, त्याच्या प्रती काढल्यात आणि मग घडी घातलीत! पहिल्या पानानंतर सहावं, मग तिसरं, आणि आठवं तर डोक्यावर उभं. वर्गातल्या बाकीच्यांचं सोड. तू बाइंडरच्या घरात जन्मलेली. लहानपणी छापलेल्या मोठ्या कागदांच्या, हजारो फर्म्यांच्या, घड्या घातल्यास, त्या काय डोळे मिटून?

त्यावर तू म्हणालीस, "तेव्हा मला आकडे कुठे येत होते? घाल म्हणाले, घातली घडी." आणि मग दारातून, "वहिनी, तुला येतं म्हणून आम्हाला येऊच नये का गं?"

हे वाक्य मला लागलं. लागायलाच बोललीस तू.

आता माझं ऐक. मी तुमच्या घरात आले तेव्हा मलाही काही येत नव्हतं. फर्म्याच्या तळाशी छापलेले आकडे जुळवता जुळवता आकडे कळले, आकड्यांवरून अक्षरं. तुझ्या दादांना एक अक्षर विचारलं तर सांगायचे, दुसरं विचारलं की म्हणायचे, "खळ आटतेय, ढवळ." लोकांना वाटतं मी पुष्कळ पुस्तकं वाचली. वाचली, पण कशी? कुठल्या पुस्तकाचा मधला फर्मा, कुठल्याचा शेवटचा. शिवून झालं की पुस्तक गिऱ्हाइकाच्या घरी. एका कादंबरीतली बाई हातात पिशवी घेऊन स्टेशनावर उभी होती. माझ्यापुरती ती अजून तिथेच उभी आहे.

आणि तुम्हाला? बसायला खुर्ची, समोर फळा, हाताला धरून शिकवणाऱ्या बाई. चुकलं तर टाळ्या वाजवतात म्हणे. चुकल्यावर टाळ्या! सकाळी रांगती आणि लहानगी पोरं, दुपारी शाळा अर्धवट सुटलेली मुलं, संध्याकाळी तुम्ही बायाबापे, आणि सगळ्यांची शाळा एकच. भिंतीवर पाण्याला सहा शब्द लिहिलेत, कारण वर्गात सहा घरच्या बोली आहेत आणि कुणालाही आपली बोली बाहेर चपलांजवळ काढून यावं लागू नये, असं बाई म्हणतात. छान आहे. मला कुणी विचारलं नव्हतं मी पाण्याला काय म्हणते.

रविवारी तू यायचीस, लेकीचे मेसेज माझ्याकडून वाचून घ्यायचीस, मी तुझं उत्तर लिहायचे. तुझ्या लेकीच्या ऑफिसातली भांडणं मला पाठ होती. आता रविवारी मी एकटीच चहा पिते. तू स्वतः लिहितेस. चांगलंच आहे.

खोलीचं म्हणशील तर, लाँड्रीवाल्याला तुमचा वर्ग भरतो ती मागची खोली महिनाअखेर परत हवी आहे, वर्गाला जागा नाही, हे मला कळतं. पण माझ्या घरातली पुढची खोली दादांच्या कामाची आहे. त्यांच्या दाबयंत्राचं लोखंडी चाक अजून तिथे आहे. तिथे गोंगाट मला सोसणार नाही. बाईंना मी नाही म्हटलं ते नाहीच.

तब्येतीला जप.

तुझी,
वहिनी


१५ जून

प्रिय बेबी,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पोस्टातली मुलगी आता माझ्याकडे आदराने बघते.

तीन ओळींचं पत्र, आणि तिन्ही ओळी सरळ. "खोली दादाची आहे हे मला माहीत आहे. दादा माझाही होता. खरं कारण सांग." चुका दोनच आहेत. कुठल्या ते सांगत नाही.

तू गेल्यावर ते उलटंपालटं पुस्तक इथेच राहिलं. मी वाचलं. असं पुस्तक वाचणं मला नवीन नाही, जन्मभर तेच केलं. तुमच्यातल्या गवंड्याने बहिणीला लिहिलेलं पत्र आहे. भाजीवालीने तिच्या आईची अंगाई तिच्याच बोलीत लिहिली आहे. मला अर्धी कळली, तरी झोप येईल अशी आहे. दुपारच्या वर्गातल्या एका मुलीने शाळा का सोडली ते लिहिलं आहे: तिच्या बोलण्याला वर्ग हसायचा. आणि मग तुझं पान, उलटं छापलेलं. पुस्तक फिरवून वाचलं.

"दादा सुई तोंडात धरायचा म्हणून घरात तो कमी बोलायचा. आम्ही त्याच्या भुवया वाचायचो."

बेबी, मी पुस्तक मिटून ठेवलं. पुन्हा उघडलं.

त्या भुवयांखाली मी संसार केला. एक वर गेली की खळ पातळ झाली, दोन्ही जवळ आल्या की गिऱ्हाईक हुज्जत घालणार, दोन्ही सैल पडल्या की आता उठून गॅलरीत उभे राहतील. हे मला माहीत होतं, तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण ते वाक्य तुझं झालं. आता दादा आठवले की मला तुझं वाक्य आठवतं. तू शिकून वर्ष नाही झालं आणि माझा नवरा तू लिहिलास.

रात्रंदिवस नाही, पण भांडी घासताना, दळण आणताना, माझ्या मनात हेच: तिने कसं लिहिलं? मी दुसऱ्यांची किती पत्रं लिहिली. सांगतील तसं लिहिलं. माझं स्वतःचं असं एक वाक्य काढायला काल बसले, तर "ते फार चांगले होते" याच्यापुढे हात जाईना. फार चांगले होते! कुणाही मेलेल्या माणसाबद्दल लोक म्हणतात ते.

तर हा एक हेवा. आता दुसरं सांगते. हे मी कुणाला सांगणार नव्हते.

बाई खोली बघायला आल्या त्या दिवशी तू होतीस, पण तू आत चहा टाकत होतीस. बरोबर सकाळच्या वर्गातली ती पुढचे दात पडलेली चिमुरडी होती. बाई दारातच मला म्हणाल्या, "तुम्ही तर आमच्या मदतीलाच या. तुम्हाला सगळं येतं." मला बरं वाटलं. मनात मी तुम्हा सगळ्यांना रांगेत बसवून टाकलं होतं, तुला पहिल्या रांगेत.

भिंतीत खिळा टिकतो का बघायला बाईंनी पिशवीतून नकाशा काढला आणि टांगला. ती चिमुरडी लगेच पुढे झाली, बोट ठेवलं आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. "आमचं घर" असं असणार. बाईंनी तो शब्द तिच्यासारखाच म्हणून पाहिला. चुकला. पोर खो खो हसली आणि पुन्हा म्हणून दाखवू लागली. मग बाई सहज माझ्याकडे वळल्या. "आजी, आता तुमचं माहेर दाखवा."

मी नकाशापुढे उभी राहिले.

निळं म्हणजे पाणी, एवढं कळत होतं. बाकी रेघा. कुठून धरायचं, वर काय, खाली काय, गाव म्हणजे ठिपका की गोल, काही नाही. तुला सांगते, नकाशे माझ्या हाताखालून कधी गेलेच नाहीत. ते वेगळे छापून यायचे, पुस्तक शिवून झाल्यावर दादा ते मध्ये चिकटवायचे आणि वजनाखाली ठेवायचे. माझं काम घड्यांचं. जे घडीत आलं तेवढंच मला आलं. जग कसं मांडलेलं आहे ते घडीत आलं नाही.

पोर माझ्या पदराला धरून म्हणाली, "आजी, बोट ठेव ना." तिला वाटलं मी लाजतेय.

तेव्हा मी म्हटलं, "खोली देता येणार नाही." बाईंना वाटलं दादांची आठवण झाली. त्यांनी आवाज खाली घेतला, "समजू शकते," म्हणाल्या आणि नकाशा गुंडाळला. मी त्यांना तसं समजू दिलं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला साधी थाप मारली नाही, त्याच्या पाठीमागे मी लपले.

गोंगाट मला सोसतो. दादा गेल्यापासून ही खोली इतकी शांत आहे की मी मुद्दाम नळ सुरू ठेवते.

बाईंना हे सांगू नकोस. किंवा सांग. ते मला ठरवता येत नाही. पण तू तरी दादांमुळे खोली अडली असं समजू नकोस.

वहिनी


२३ जून

प्रिय बेबी,

आशीर्वाद, आणि पत्र न टाकता एकदाचा फोन उचललास याबद्दल वेगळा आशीर्वाद. तरी हे लिहितेच. तोंडाने सांगताना मी सगळं गुळगुळीत करून टाकते.

काल मी स्वतः बाईंकडे गेले. तुमचा वर्ग सुटला होता, त्या फळा पुसत होत्या. मी म्हटलं, "खोली घ्या. एक तारखेपासून उघडी आहे. दाबयंत्र हलत नाही, त्याच्याजवळ पोरांची बोटं जाऊ देऊ नका."

बाईंनी फडकं फळ्याच्या कडेला ठेवलं. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही? मदतीला येणार ना?"

"मदतीला नाही. वर्गात बसायला येईन."

"तुम्ही? तुम्हाला काय शिकायचंय?"

"नकाशा," म्हटलं. "तुम्ही माहेर दाखवा म्हणालात ना, ते मला दाखवता येईना. म्हणून नाही म्हटलं होतं. माझ्या नवऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता."

त्या हसल्या नाहीत, टाळ्याही वाजवल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. वाचता येणाऱ्या माणसालाही विचारायचं असतं, तुम्हाला काय हवंय, हे मी विसरले. पाळण्यातल्यापासून काठी टेकणाऱ्यापर्यंत सगळ्यांची शाळा म्हणते, आणि तुम्हाला मीच दाराबाहेर काढलं, आदराने." मग विचारलं, "नकाशा तर शिकाल. आणखी काय?"

मग म्हटलं, "लिहायला. माझं."

हजेरीत माझं नाव सगळ्यांत शेवटी आहे. तुझ्या खाली. त्यावरून वर्गात मिरवू नकोस.

हेवा गेला असं मात्र समजू नकोस. काल खोली झाडताना मनात आलं, दादा असताना ही बाई आली असती तर? तू वीस वर्षांची असताना? मी नवी सून असताना कुणी मला खुर्ची दिली असती तर? तुम्हाला मिळतंय याचा राग नाही, असं लिहून खोडलं. थोडा आहे. ज्या पोरांना दुपारच्या वर्गात त्यांच्याच बोलीत "ये, बस" म्हणतात, त्यांचाही हेवा वाटतो. पण आता तो खोलीबाहेर उभा राहून करण्यापेक्षा आत बसून करीन.

सोमवारी सगळ्यांना पुन्हा स्वतःचं एक पान लिहायचं आहे, असं बाईंनी सांगितलं. मी दादांवर लिहिणार. कालपासून तीनदा सुरुवात केली. प्रत्येक वेळी तुझ्या भुवया येतात. मला माझं हवं आहे, आणि ते कुठून काढायचं हे मला माहीत नाही. तुला माहीत आहे.

म्हणून रविवारी ये. चहा मी टाकते. आणि मला शिकव, बेबी: पहिली ओळ लिहिण्याआधी तू काय केलंस?

तुझी वाट पाहणारी, तुझ्याहून मोठी पण वर्गात तुझ्यामागची,
वहिनी