वगळलेली चाचणी

मंगळवार, नऊ तारीख, दुपार

थोरल्या,

आजीचा आशीर्वाद, आणि सोबत कानाला एक पीळ. मी सांगतेय, धाकट्याची बायको लिहितेय. तिचं अक्षर सुंदर आहे म्हणतात. मला काय, सगळ्या मुंग्याच.

घरी ठीक. माझा गुडघा माझ्याशी अबोला धरून आहे. धाकटा रविवारीच अग्निबाणाच्या तळावर गेला. इंधन भरणाऱ्यांना उड्डाण होईपर्यंत बाहेर सोडत नाहीत, मोबाइलही काढून घेतात. तुझा कोणी काढून घेतला रे? आम्ही लावून लावून दमलो. म्हणून हा कागद.

तुझ्या कामाची मी नेहमी थट्टा केली. अग्निबाण उडायच्या आधीच त्याचा खर्च सांगणारा नातू! एक किलो वर न्यायला काय पडतं ते तू सांगितलंस, तेव्हा मी म्हटलं, मेल्यावर मला वर धाडायच्या भानगडीत पडू नका, परवडायची नाही. किती हसलास! मागच्या आठवड्यात आलास तेव्हा मात्र भरल्या ताटावरून उठलास.

"आजी, तेव्हा काय बोलले दादा?" ही विचारतेय. लिही बाई, तेही लिही.

स्वयंपाकघरात माझ्यापाशी बसून बोललास. म्हातारीला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून भिंतीला सांगावं तसं सांगितलंस. पण भिंतीलाही कान असतात, आणि माझे अजून शाबूत आहेत.

आज हवा बरी आहे. शेजारणीची मांजर... नको, हे खोड.

ऐक. दुसऱ्या कंपनीपेक्षा आकडा खाली यावा म्हणून तू खर्चाच्या अंदाजातून एक चाचणी वगळलीस. इंजिन जमिनीला जखडून पेटवून बघायचं, ती. तुमची रीतच तशी, म्हणालास: महागाचं आधी वगळायचं, वरचे साहेब विचारतात, मग परत घालायचं. यंदा कोणी विचारलंच नाही. काम मिळालं, टाळ्या वाजल्या, आणि न तपासलेलं इंजिन तळावर उभं राहिलं. कुठे गळती असली तर टाकी भरतानाच पेट घेईल, म्हणालास.

टाकी कोण भरतो रे?

हिने पेन खाली ठेवलंय.

"तुम्हाला आठवडाभर माहीत होतं, आजी?"

होतं बाई. वाटलं, थोरला आपणहून तोंड उघडेल. मला लिहिता येत असतं, तर हे तुझ्या हातून लिहून घेतलं नसतं. मागाहून रड, मला शिव्याही घाल. आता लिही.

थोरल्या, परवा टाकी भरणार आहेत. मी फाटकाशी जाऊन ओरडले तर पहारेकरी पाणी पाजून परत धाडेल. हे तुझ्याच तोंडून खरं वाटेल. साहेबापुढे उभा राहा, सांग, मी वगळली, थांबवा. नोकरी जाईल. जाऊ दे. दोघं मिळून पुन्हा कमवाल. पण दोघं असायला हवेत ना रे!

पत्र टपालात पडणार नाही. ही पायात चपला घालूनच लिहितेय. तुझ्या ऑफिसच्या दारात येऊन स्वतः तुझ्या हातात देईल. तिच्या डोळ्यांत बघून "काही होत नाही" म्हणवलं, तर खुशाल गप्प बस.

अजून तरी तुम्हा दोघांची,
आजी