हेला कोण?

४ नोव्हेंबर १९७९

आई काहीतरी लपवते! दुसऱ्या महायुद्धात रशियनांनी पोलंडमधून उचललं, सायबेरियाच्या जंगलात लाकडं तोडायला जुंपलं — एवढं सांगते. मग कोल्हापूरजवळची पोलिश निर्वासितांची छावणी, तिथे कंपाउंडर असलेले बाबा, लग्न, नागपूर. पण परवा तापात "हेला, हेला" करत होती. आज विचारलं. "कोणी नाही. मी एकटीच आली." नजर चुकवून!

७ नोव्हेंबर

बाबांना विचारलं. पेपरातून मान वर नाही. "काहून खोदून राहिली वं? तिले त्रास होते."
एरवी इतके तुटक बोलत नाहीत. म्हणजे दोघंही लपवतात?

११ नोव्हेंबर

कोळशाच्या खाणीवर आलेल्या पोलिश इंजिनिअरला मी जेवायला बोलावलं. तो पोलिशमध्ये काही बोलला. आईनं त्याला पोळी वाढली अन् मला म्हणाली, "मले नाही समजत, सांग त्याले." स्वतःची भाषा! तो इंग्रजीत म्हणाला, नातेवाइकांची नावं द्या, कोणी हयात असेल तर शोधू. मी मराठीत सांगितलं. आई उठून आत गेली. बाबांनी पान अर्धं टाकलं.
तिच्या हातून तिकडे काही घडलं तर नाही?

१५ नोव्हेंबर

मेथी निवडता निवडता आपणच बोलली. हेला तिची मोठी बहीण. आईबाप तिकडे थंडीनं गेले. हेला हिच्या वाटची करवत ओढायची, आपला पाव हिला द्यायची. कोल्हापूरजवळची छावणी मोडायला आली तेव्हा आई टायफॉइडमधून उठत होती. हेला न भेटता इंग्लंडच्या बोटीसाठी निघून गेली.
"मले टाकून गेली. त्या दिवसापासून ते भाषा तोंडात नाही घेतली."
अन् मी हिच्यावर संशय घेत होते!
पण आपला पाव देणारी अशी जाईल?
"ती गेली हे तुला कोणी सांगितलं?"
"कोण सांगन? तुह्या बाबानं."

१६ नोव्हेंबर

बाबांना अंगणात गाठलं. हेला खरंच अशी निघून गेली का, विचारलं. मग —
"हेला स्टेशनवर थांबली होती. म्हणे, माह्या बहिणीले, रोझाले, घेऊन या. मी तिले सांगतलं, रोझा येत नाही म्हणते. अन् इकडे सांगतलं, हेला गेली... मले रोझाले सोडता नाही आलं."
घोटभर पाणी प्यायले. "आता तूच सांग तिले."
नाही. त्यांनाच आत पाठवलं.