रिकाम्या भगुण्याखालचा धूर

अंबाजोगाई,
१८ एप्रिल २०१६

ती. उमाआत्या,
शरणार्थ.

इकडे सगळे बरे आहेत. नळ बाराव्या दिवशी येतो. तुझा गुडघा कसा आहे?

धारूरच्या बायकांच्या सहकारी संस्थेच्या साखराबाई काल घरी आल्या होत्या. किल्ला बघायला येणाऱ्यांना तुझ्या जुन्या घरात जेवण देता आलं, तर त्यांच्यातल्या चौघींना दिवाळीनंतर ऊसतोडीला जावं लागणार नाही. वास्तुकलेच्या मुलांनी घर मोजलं, माझ्या गृहविज्ञानाच्या मुलींनी पदार्थ लिहून घेतले. सगळं तयार आहे आणि तू कुलूप घातलंस. "तुमची आत्या हाय, तुमीच किल्ली मागा," त्या म्हणाल्या. म्हणून पत्र लिहायला बसले.

माळवदातल्या धूर जायच्या भोकाचं मुलांना फार कौतुक होतं. नकाशात त्यांनी तिथे 'हवा खेळण्यासाठी' असं लिहिलं. मी म्हणाले, एवढंच नाही. आणि माझी डायरी त्यांना वाचून दाखवली.

बाहत्तरच्या दुष्काळात तू रोज रिकाम्या भगुण्याखाली गोवऱ्या पेटवायचीस. तुमच्या घरचं, मामांचं किराणा दुकान. वाण्याचीच चूल थंड दिसली तर गावात पत राहायची नाही. गुडघ्यासाठी दवाखान्यात होतीस तेव्हा हे मला सांगून "कुनाला बोलू नगं" म्हणालीस. मी घरी येऊन लिहून ठेवलं. लिहिणं म्हणजे जपणं, अशी माझी समजूत.

तुझ्याकडून किल्ली मोजमापासाठी म्हणून आणली. पाहुणे येणार, हे सांगितलंच नाही. पाहुणे आले त्या दिवशी मुलांनी तसंच भगुणं ठेवून धूर केला. साखराबाई हसल्या, "रिकामं भगुनं बघाया बी मानसं येत्यात व्हय, बाई!" मीही हसले.

बंद घरातून धूर दिसला आणि तू टँकरच्या पाण्याची घागर घेऊन धावत आलीस. "पेटलं की गं घर! बघता काय?" घागर चुलीवर ओतलीस. मग भगुण्यात पाहिलंस, मग माझ्याकडे. "कावून सांगितलंस?"

पाहुण्यांना तो कार्यक्रमातलाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तू पाठ फिरवली होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. आत्या, मीही वाजवल्या.

किल्ली मागत नाही. का मागितली नाही, ते साखराबाईंना आणि त्या चौघींना मीच सांगेन. 'क्षमा कर' असं लिहून दोनदा खोडलं आहे.

तू जिला सांगितलं होतंस, ती
गंगासागर