जरा फिरून येतो

बाबा, तुमचं धनुष्य आज खुंटीवरून खाली काढलं. भाऊ म्हणतो, पॉलिश मारून बैठकीत टांगू, आल्यागेल्याला दाखवता येईल. मी म्हटलं, हात तर लावून पाहा, मग सांगते. तो हसून निघून गेला. बांबूच्या सालीची दोरी पार वाळून गेली आहे, ताणली तर तुटेलच, म्हणून नुसतं मांडीवर घेऊन बसले आहे. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातलं हे घर तुमच्यानंतर फार शांत झालं आहे. कधीकधी चिडायला होतं या शांततेवर.

तुम्हाला रविवार आठवतो? रेल्वेची नोकरी आठवडाभर तुम्हाला पिळायची आणि रविवारी तुम्ही सायकलला धनुष्य बांधून भनपुरीच्या पलीकडे जायचात, पाणी भरलेल्या धानाच्या शेतांत मासोळी मारायला. तुमच्या सोबतच्या छत्तीसगढी काकांनी शिकवलं होतं. बांबू त्यांनीच निवडून दिला, बाण मात्र तुम्ही स्वतः घासला. न्यायचात तो एकच बाण. "हुकला तर पाण्यात उतरायचं, शोधून आणायचा, मंग पुन्हा. त्यातच तर मजा हाय," असं म्हणायचात. मासोळी मिळाली तर आई मसाला वाटायची, नाही मिळाली तर वांगं भाजायची, आणि दोन्ही दिवशी तुम्ही सारखेच खूश. एकदा मला नेलंत आणि सांगितलंत, पाण्यात मासोळी जिथं दिसते तिथं ती नसते, थोडं खाली मार. माझा बाण चिखलात गेला. तुम्ही इतके हसलात की बांधावरचे बगळे उडाले.

पण निघताना "शिकारीला चाललो" असं तुम्ही कधीच म्हटलं नाही. त्या काकांच्यात तसं बोलत नाहीत, बोललं की शिकार हुकते म्हणे. "जरा फिरून येतो" एवढंच. आणि आपल्या घरची रीत वेगळी, निघालेल्या माणसाला "कुठं" विचारायचं नाही. दोन्ही तुम्ही पाळायचात. मी मात्र दारात उभी राहून मोठ्यानं विचारायची, "बाबा, कुठं चालले?" आई कपाळावर हात मारायची. तुम्ही सायकल भिंतीला टेकवायचात, धनुष्याची दोरी उतरवायचात. "काहून टोकलं व पोट्टे? गेला आजचा दिवस!" मग दिवसभर घरी. मला गोष्टी सांगायच्या, चप्पल शिवायची, आईची भाजी चिरून द्यायची. आई म्हणायची, पोट्टी भोळी हाय, ध्यानातच राहत नाही तिच्या. मी भोळी नव्हते हो.

मग रायपूर राजधानी झालं. भाऊ नोकरीला लागला आणि पहिल्या दिवाळीला तुमच्यासाठी चाकंबिकं लावलेलं लोखंडी धनुष्य घेऊन आला, नेम धरायला त्यावर छोटी काच. तुम्ही एकदा ओढून पाहिलं. "मस्त हाय रे. पण सारं हेच करते, मंग म्या काय करू?" भाऊ रुसला. तुम्ही त्याच्या ताटात जास्तीची करंजी वाढली, पण ते धनुष्य काही उचललं नाही. त्या वर्षी शेतांत ट्रकांनी मुरूम पडत होता. गोदामं, ट्रक तोलायचे धर्मकाटे, ढाबे. शेवटच्या वेळी मी तुमच्यासोबत आले होते, आठवतं? जिथं गुडघाभर पाणी असायचं तिथं विटांची थप्पी आणि एक चौकीदार. "क्या चाहिए, दादा?" तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, "कुछ नहीं भैया, घूम रहे हैं." वळणावर थांबून दोरी उतरवलीत. त्यानंतर रविवारी तुम्ही बिनधनुष्याचे निघायचात आणि लवकर परत यायचात. मी टोकणं सोडून दिलं, टोकायला राहिलंच काय होतं. तुमचा चेहरा पाहवत नव्हता मला.

दवाखान्यातली ती सकाळ. भाऊ औषध आणायला गेला होता. तुमचा ताप उतरत नव्हता, पण डोळे एकदम स्वच्छ होते. चादर बाजूला सारून पाय खाली सोडायला लागलात, जसे सायकलकडे निघालात. "जरा फिरून येतो व." आयुष्यभर एकच उपाय येत होता मला. तुमचा हात धरला आणि लहानपणी विचारायची तसंच विचारलं, "बाबा, कुठं चालले?" वाटलं, आता दोरी उतरवतील. आता म्हणतील, गेला आजचा दिवस. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. हसलात. "दरवेळी थांबलो न मी तुयासाठी? आज टोकू नको व माये."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. सगळे रविवार, पहिल्यापासून. ठाऊक असून सायकल भिंतीला टेकवत होतात.

मी तुमचं ऐकलं, बाबा. तुम्हाला नीट निजवलं, पायांवर चादर घातली आणि पुन्हा टोकलं नाही. दुपारी तुम्ही गेलात. हे कागद मी कुठं पाठवणार, धनुष्यासोबत याच खुंटीला राहतील. आणि बैठकीत काही ते टांगू देणार नाही. फक्त एवढं सांगायचं राहिलं होतं, मी पूर्ण ऐकलं नाही तुमचं. नर्स तोंडावर चादर ओढत होती, तेव्हा मी तुमच्या कानाशी वाकून पुन्हा विचारलंच. हळूच.