कुणी न मागितलेली जमीन

मी, आल्बिना कोवार, कै. एडविन कोवार यांची पत्नी, वय वर्षे ८४, राहणार ब्रोडेक, टेक्सास, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना, माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या पेनाने हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला निदान माणसाने घरी यावं लागतं, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. शाळा सहावीपर्यंत झाली, तेव्हा वकिली भाषा जिथे संपेल तिथून पुढे माझी सुरू होईल. सांभाळून घ्यावं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी फारच गोड बोलले होते.

कलम १. राहतं घर, सामानासह, आणि मागची पेकानची झाडं माझी मुलगी रोझाली हिला. झाडं तोडू नयेत. फ्रीझरमधले खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमचे गोड पाव, ज्याला आधी सापडतील त्याचे.

कलम २. एडविनची हत्यारं आणि सॉसेज भरायचं यंत्र माझा दीर लॅडी याला. कुंपणाची तार ताणायचं अवजार त्याच्याकडेच आहे, एकोणीस वर्षं. मागून मागून माझं तोंड दुखलं. तेही आता त्याचंच, सुखाने वापरावं.

कलम ३. डॉमिनोची पेटी शेजारीण ओटिला हिला. डॉमिनोच्या ‘बेचाळीस’ नावाच्या खेळात ती माझी भिडू. बोली लावताना हात आखडते, पण माणूस सोन्यासारखं.

कलम ४. टर्की ओढ्याकाठचा साठ फूट रुंद जमिनीचा पट्टा. इथे मला सविस्तर लिहावं लागेल, नाहीतर मागे राहिलेले मलाच हटवादी म्हणतील. राजधानीत, ऑस्टिनमध्ये, म्हणून झालंच आहे.

नऊ वर्षांपूर्वी एप्रिलात, सकाळच्या न्याहारीला, एडविनच्या छातीत कळ आली. ओढा फुगलेला, फरशीपूल पाण्याखाली. रुग्णवाहिका पलीकडे येऊन उभी राहिली. मला तिचे दिवे दिसत होते, ड्रायव्हरची टोपीसुद्धा दिसत होती. पाणी दोन तासांनी उतरलं. एडविन तेवढा थांबला नाही.

तेव्हापासून गाव म्हणतंय, उंच पूल हवा. कौंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याने, पुलाचे पैसेही बाजूला काढून ठेवलेत. अडलंय ते पूल अलीकडे उतरवायच्या जागेवर, आणि ती जागा माझी. तिथे मी गवताशिवाय काही पिकवलेलं नाही.

मग गावाने पाठवलेला मोजणीवाला आला. मोजून गेला आणि जाताना फाटक उघडं टाकलं. अकरा गायी हमरस्त्यावर! आमच्याकडे फाटक जसं असेल तसं ठेवून जायचं, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, मृत्युपत्र चारचौघांत वाचतात. त्याने कागदावर लिहिलं, ‘मालकीण जागा देणार नाही.’ अरे, जागा मागितली कुणी? मी तर माझ्या गायी मागत होते!

त्या एका ओळीवर आमच्या नगरपरिषदेने काय करावं? माझ्या दारात यायला चार मिनिटं लागतात. ते सोडून त्यांनी ऑस्टिनमध्ये एक कंपनी नेमली, आमदारांच्या मागे फिरून त्यांची मनं वळवणारी. पट्टा गावाच्या हद्दीबाहेर पडतो, म्हणून तो माझ्या मर्जीविरुद्ध घेता यावा असा खास कायदा करून आणायला. तीन वर्षं हे चाललंय. पैसा पाण्याच्या बिलातून. म्हणजे माझ्याविरुद्ध बोलायला माणूस ठेवलाय, आणि त्याचा पगार मी भांडी घासता घासता देते.

कळल्यावर मी आणि ओटिला ऑस्टिनला गेलो. तिथे कार्ड भरून दिलं की कुणालाही समितीपुढे तीन मिनिटं बोलता येतं. आम्ही सॉसेज-पाव खात बसलो. आमच्या गावाचा भाडोत्री माणूस उठला, निळा सूट, केस अगदी चापून.

“अध्यक्ष महोदय, गावाने सर्व प्रयत्न केले. मालकीण हटवादी आहे.”

ओटिला म्हणाली, “आल्बिना, हा तुझ्याबद्दल बोलतोय गं.”

“कळतंय मला. माझी पर्स धर.”

मी उभी राहिले. “साहेब, ती हटवादी मालकीण मी.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. “बाई, गावाने तुम्हाला किती वेळा विचारलं?”

“एकदाही नाही.”

“आणि विचारलं तर द्याल?”

“विचारून तर बघू दे मेल्यांना!”

सगळी खोली हसली. निळा सूट सोडून. कायदा बाजूला पडला. माझी अजून दोन मिनिटं शिल्लक होती, ती मी फाटकावर खर्च केली. फार मजा आली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी डॅरेल आला. डॅरेल म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा आणि गावाचा नगराध्यक्ष.

“मावशी, गावाची शोभा केलीस तू.”

“मी केली? बस. खा. आणि विचार.”

“काय विचारू?”

“जागा, डॅरेल! जागा विचार!”

“असं थेट नाही गं विचारता येत. करारात आहे, या विषयावर तुझ्याशी जे बोलायचं ते कंपनीमार्फतच.”

“मग आत्ता काय करतोयस?”

“आत्ता भाचा म्हणून आलोय.”

“मग भाचा म्हणून विचार.”

त्याने बराच विचार केला. “ते त्यांना विचारावं लागेल.”

चार कोलाचे खाऊन गेला. लहानपणी याला मी ओढ्यातून कडेवर घेऊन पलीकडे शाळेत सोडलंय.

म्हणून मंगळवारी मी इथे असं लिहिलं होतं: सदर पट्टा ब्रोडेक गावास मोफत मिळेल, मात्र नगराध्यक्षाने स्वतः दारात येऊन, स्वतःच्या तोंडाने, रोझालीकडे मागितला तरच.

बुधवारी दुपारी जोराचा पाऊस झाला. ओटिलाची सून, आठवा महिना, फरशीपुलाच्या पलीकडे गाडीत अडकली. पाणी वीस मिनिटांत उतरलं, तिला काही झालं नाही. तिने काचेतून मला हात केला. मीही केला. पण ती वीस मिनिटं मी दारात उभी होते, आणि अट माझ्या टेबलावर पडलेली होती. डॅरेलने मागावं म्हणून मी हटून बसायचं, आणि पलीकडे उभं राहायचं त्या पोरीने?

ती अट मी खोडली आहे. खोडलेली दिसू दे, पान बदलणार नाही. पट्टा द्यायला आता माझ्या मरणाचीही वाट बघायची नाही. काल सकाळी कौंटीच्या कचेरीत जाऊन मी पुलासाठी दानपत्र करून आले. तेव्हा या मृत्युपत्रात त्याची वाटणी करण्यासारखं काही उरलेलं नाही.

डॅरेलला मी सांगितलेलं नाही. रोझालीनेही सांगू नये. ऑस्टिनची कंपनी शोधून काढेल आणि त्याला कळवेल. तीन वर्षांत तेवढं एक काम तरी त्यांच्या हातून होऊ दे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, एकदा हसून आणि एकदा नीट. मला मान्य आहे.

सही: आल्बिना कोवार

आमच्यासमोर सही केली (ओटिलाला डॉमिनो मिळणार, म्हणून ती साक्षीदार चालत नाही, ती बाहेर गाडीत रुसून बसली आहे):
१. जेरोम पाव्हलिचेक, निवृत्त पोस्टमन
२. बर्निस उर्बान, केशकर्तनालय

ठिकाण: ब्रोडेक, टेक्सास
दिनांक: शुक्रवार, १९ मे २०२३